अकरावा डबा

नवीन माणूस भेटला की लोक आधी त्याचा चेहरा बघतात. माझे घरमालक पाय बघायचे. भाईंदरजवळच्या मुर्धा गावातल्या त्यांच्या घरातली खालची खोली भाड्याने मागायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ते ओट्यावर बसले होते. मी कुठला, काय करतो, लग्न झालंय का, यातलं काहीएक न विचारता त्यांनी मला अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. मग म्हणाले, "डावी टाच घासते तुझी. कमरेला जप." मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि मला काहीही होत नव्हतं. तीन वर्षांनी मणक्यातली गादी सरकून मी महिनाभर आडवा पडलो, तेव्हा ते माझ्या उशाशी येऊन बसले आणि म्हणाले, "बोललो होतो."

त्यांची सगळी अडचण इथेच होती. ते बहुधा बरोबर असायचे. चुकणाऱ्या माणसाला हसता येतं, त्याच्याशी भांडता येतं. सदा बरोबर असणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे बारा वर्षं त्यांच्या घरात राहूनही मला उमगलं नाही, आणि आता उमगून उपयोगही नाही.

गाव त्यांना दादा म्हणायचं, मी मालक म्हणायचो. घराणं जुनं. खाडीच्या अंगाला एकेकाळी त्यांची मिठागरं होती, अलीकडे भातशेती होती. आता तिथे पंचवीस मजल्यांच्या इमारती आहेत आणि त्यांना फुलांची इंग्रजी नावं आहेत. मालकांनी मात्र उभी हयात रेल्वेत काढली, मालगाडीचे डबे तपासायच्या कामात. यार्डात गाडी लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन तिच्या कडेने चालायचं, प्रत्येक चाकावर ठोका मारायचा आणि कान देऊन ऐकायचं. खणखणीत वाजलं तर चाक धड, बद्द वाजलं तर आत कुठेतरी तडा. धड डब्यावर खडूने 'फिट' लिहायचं. बिघडलेल्या डब्याला 'सिक'चं लेबल बांधायचं आणि तो गाडीतून काढायचा. "मी सोडलेला एक डबा वाटेत बसला न्हाय," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. त्यांनी इतके डबे सिक केले की गाड्या वेळेवर सुटेनात, आणि शेवटी साहेबांनी त्यांना कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं, हे मला त्यांच्या मुलीने सांगितलं.

निवृत्त झाल्यावर हातोडी सुटली, खोड सुटली नाही. भाईंदर स्टेशनबाहेर रिक्षात बसायच्या आधी ते छत्रीच्या मुठीने तिन्ही चाकांवर ठोके मारायचे. रिक्षावाले त्यांना ओळखून होते. "फिट है दादा, बैठो," ते ओरडायचे. दादा त्यांच्या बोलण्यावर कधी बसले नाहीत. एकदा कोपऱ्यावरच्या वाण्याच्या तराजूला त्यांनी सुतळीने लेबल बांधलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "सेठ, तुम्हारा ये पलडा सिक है." वाणी तणतणला. आठवड्याने त्याने मुकाट्याने नवा काटा आणला. लेबलं मालकांच्या खिशात कायम असायची, पुठ्ठ्याची, भोक पाडून दोरा ओवलेली. इतर म्हातारे खिशात गोळ्यांची पाकिटं बाळगतात.

आणि माडीवर ती खोली होती.

खोलीत प्लायवूडचं दांडगं टेबल, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. त्यावर बोटभर रुंदीचे रूळ लंबगोल फिरवलेले, त्यातून एक फाटा बाहेर काढून मिठाच्या राशीपाशी नेलेला. भाईंदरला पूर्वी मीठ भरायला मालगाडीचे डबे लागायचे, ती ही जागा, मालकांच्या लहानपणातली. रास खऱ्या मिठाची होती. गावातल्या शेवटच्या चालू मिठागरातून त्यांनी ते मीठ आणलं होतं आणि वर पेंढ्याचं शाकारणही घातलं होतं. इंजिन होतं, काळं, मुठीत मावेल एवढं. गाडी मात्र नव्हती. गाडी जमवायचं काम चालू होतं. मी राहायला गेलो तेव्हा त्याला नऊ वर्षं झाली होती.

त्यांना हवे होते अकरा डबे. चार चाकांचे, बंद, विटकरी रंगाचे, त्या काळात मिठाला यायचे तसेच. अकराच का, हे मी पहिल्या वर्षी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी विचारलं. त्यांच्या वडिलांचं एका सालचं सगळं मीठ अकरा डब्यांत भरलं होतं. मीठ लोखंड खातं, म्हणून मिठाला रेल्वे नेहमी मोडीत निघायच्या लायकीचे डबे द्यायची. त्यातल्या सातव्या डब्याचा तळ सडलेला होता. गाडी सुटली आणि वसईच्या खाडीपुलाकडे रुळांच्या मधोमध पांढरी रेघ पडत गेली. आठ वर्षांचे मालक वडिलांचं बोट धरून त्या रेघेमागे चालत गेले होते, पुलापर्यंत. "बाप काय बोलला न्हाय," मालक म्हणाले. "नुसता चालत हुता. मग पुलाशी उभा ऱ्हायला. मना वाटलं आता परत जाऊ, तर खाली बसला." एवढंच सांगून ते उठले आणि खिडकी लावायला गेले. त्यानंतर मी त्यांच्या निवडीची थट्टा करणं बंद केलं. बापाच्या मिठाला एकदा तरी धड गाडी मिळावी असं एखाद्याला वाटत असेल, तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

निवड कशी चालायची, ते मात्र बघण्यासारखं होतं. कुठल्याशा कारागिराकडून, दुकानातून किंवा फोनवर मागवून डबा यायचा. आला की त्याची पेटी उघडून मालक त्याला तळहातावर घ्यायचे. चमच्याने चाकावर टिचकी मारून कानाशी धरायचे. मग आठ दिवस डबा खिडकीच्या कठड्यावर, खाडीच्या वाऱ्यात, मिठाच्या वाटीशेजारी. आठ दिवसांत गंजाचा ठिपका दिसला की लेबल. टिकला तर शेवटची परीक्षा काचेची. आरशाची जाड काच सपाट ठेवून तिच्यावर डबा उभा करायचा आणि पतंगाच्या कागदाची पट्टी चारही चाकांखाली सारून बघायची. एकाही चाकाखाली कागद सरकला की ते चाक अधांतरी, म्हणजे डबा डुलणार, म्हणजे वळणावर उतरणार. मुलगी दाखवायचे कार्यक्रम मी पाहिले आहेत. इतकं कडक पाहणं मी कुठे पाहिलं नाही.

"मालक, डबे मिठानेच गंजतात," मी एकदा धीर करून म्हणालो. "ही रास काढून टाका. पांढरी वाळू ठेवा. कोणाला कळतंय?"

"मना कळतंय," ते म्हणाले. "मिठात टिकंल त्योच डबा."

त्यांचा एक पुतण्या दुबईला असतो. तो सुट्टीत आला तेव्हा काकांसाठी परदेशी गाडी घेऊन आला. निळे झळझळीत प्रवासी डबे, आत दिवे, एका डब्यात तर जेवायची टेबलं आणि टेबलावर तांदळाच्या कणाएवढे कप. सगळी आळी माडीवर लोटली. मालकांनी एकेक डबा वाजवून, काचेवर उभा करून बघितला. चाळीस चाकांत एक खोट सापडेना. मी मनात म्हटलं, आता म्हातारा गाठला. मालकांनी चष्मा पुसला. "डबे एकदम फिट हायेत," ते पुतण्याला म्हणाले, "पण ही गाडी आमच्या मिठाला कधी आलती?" ते डबे कपाटात गेले, भिंतीकडे तोंड करून. पुतण्या दुसऱ्या दिवशी हॉटेलात राहायला गेला.

खाली आल्यावर त्या पुतण्याला चहा देऊन त्याची समजूत घालणारी वनिताताई. तिचंच सांगायचं आहे खरं तर, आणि मी डब्यांचं सांगत बसलोय.

वनिताताई मालकांची एकुलती मुलगी. आई लवकर गेली. ती भाईंदरमध्येच एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची, सकाळी सातला बाहेर पडायची आणि दुपारी येऊन वडिलांचं जेवण बघायची. तिला स्थळं यायची. मालक ती बघायचे आणि त्यांना खोट सापडायची. एकाचा आवाज बद्द. एकजण बोलताना उंबऱ्याकडे बघतो. एकाने चहा बशीत ओतला आणि बशी थरथरली, म्हणजे पितो. आणि दुर्दैव असं की तो प्यायचाच, पुढे शेजारच्या सगळ्या राई गावाला ते कळलं. प्रत्येक वेळी मालक खरे ठरायचे आणि प्रत्येक वेळी वनिताताई एक वर्षाने मोठी व्हायची. ती अडतीसची झाली तेव्हा स्थळं यायची थांबली होती आणि डबे दहा झाले होते.

तिने वडिलांना विचारलंच कशाला, असं माझी बायको म्हणायची. सहज म्हणता येतं ते. पण दहाव्या वर्षापासून जिने बापाला आणि बापाने जिला सांभाळलं, तिला त्याच्या होकाराशिवाय उंबरा ओलांडता येत नव्हता. आम्ही तिला भित्री म्हणत होतो. ती भित्री नव्हती, तिचा फक्त बापावर जीव होता.

मग शेजारच्या मोर्वा गावचा तो माणूस आला. विधुर, बसडेपोत नोकरीला, आठवीत शिकणारी मुलगी. आपल्या आईची रक्ततपासणी करायला तो दवाखान्यात यायचा, तिथली ओळख. तो स्वतःच एका रविवारी ओट्यावर येऊन बसला आणि सरळ म्हणाला, "दादा, वनिताला मागायला आलोय." मालकांनी त्याला अंगणात चालवलं. बोलतं केलं. चहा बशीत ओतून दिला. बशी हलली नाही. मी खिडकीतून बघत होतो. तासभर शोधूनही माणसात खोट सापडली नाही, आणि तेव्हा मला मालकांचा चेहरा पहिल्यांदा घाबरलेला दिसला.

"माझी गाडी पुरी होऊं दे," ते म्हणाले. "अकरावा डबा लागला का मग बोलू."

तो हसला. त्याला वाटलं म्हातारा मस्करी करतोय. वनिताताई हसली नाही, कारण तिला ठाऊक होतं की दादा असल्या गोष्टीत मस्करी करत नाहीत. पण शब्द दिला की मोडतही नाहीत, हेही तिला ठाऊक होतं.

याच सुमारास त्यांचे डोळे गेले. साखर होतीच, ती डोळ्यांत उतरली. मोठ्या डॉक्टरला दाखवून आले ते शर्टाच्या बटणाला लेबल बांधून. रिक्षातून तसेच उतरले, तसेच ओट्यावर बसले. "काय झालं मालक?" मी विचारलं. त्यांनी ते लेबल बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "लाइनीवरून काढला मना." मी शेजारी बसलो. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू मास्तर हाय. पेपर तपासतोस. आता तुझे डोळे ते माझे."

हे वाक्य ऐकून मला जे वाटलं, ते सांगायला हवं. मला अभिमान वाटला. ज्या माणसाने उभ्या जन्मात कोणाच्या नजरेवर विश्वास ठेवला नाही, त्याने माझ्या नजरेवर ठेवला. मी त्या दिवशी वर्गातही जरा ताठ चालल्याचं मला आठवतंय.

अकरावा डबा वनिताताईने आणवला. कोणाकोणाला फोन करून, पुण्याच्या एका कारागिराकडून खास करून घेतला, फोटो पाठवून, रंग पुन्हापुन्हा दाखवून. डबा आला. मालकांनी टिचकी मारली, कानाशी धरला. खणखणीत वाजला. आठ दिवस तो खिडकीत मिठाशेजारी राहिला आणि रोज सकाळी मी त्याच्यावरून नजर फिरवून, "काही नाही, स्वच्छ आहे," असं मालकांना सांगत गेलो. ते खरंच होतं. आता फक्त काच उरली.

शनिवारी संध्याकाळी वनिताताई खाली आली. मी पेपर तपासत होतो. ती दारातच उभी राहिली.

"भाऊ, उद्या काचेवर ठेवणार ना?"

"हो. नऊ वाजता."

"काय बी होऊं दे, तुम्ही बरा म्हणा." ती जमिनीकडे बघत बोलत होती. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, साधी साखरसुद्धा. "त्यांना आता दिसत नाय. तुम्ही बोलाल तेच खरं."

"म्हणजे काय, वनिताताई. म्हणणारच," मी म्हणालो. आणि माझ्या मनात तेव्हा तसूभरही शंका नव्हती. देवाशपथ नव्हती.

रविवारी सकाळी मालक अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून माडीवर बसले होते. मी काच पुसली, डबा उभा केला. कागदाची पट्टी त्यांनी स्वतः कापून ठेवली होती, चाचपून चाचपून. वनिताताई चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली. मी पहिल्या चाकाखाली पट्टी लावली. अडली. दुसऱ्या. अडली. तिसऱ्या. अडली. मालक माझ्या शेजारी मान खाली घालून, कान देऊन बसले होते, यार्डात ऐकत असतील तसे. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

चौथ्या चाकाखाली पट्टी सरकली. अगदी जराशी. दुसऱ्या कोणाला जाणवलंही नसतं. मला जाणवलं, कारण दहा वर्षं मला तेच शिकवलं गेलं होतं.

"जातोय?" मालकांनी विचारलं.

एका शब्दाचं काम होतं. 'नाही' म्हणायचं. त्या हाताचं वजन खांद्यावर होतं आणि मी त्यांचे डोळे होतो.

"थोडासा जातोय," मी म्हणालो.

बोलल्यावर मला कळलं मी काय बोललो. मी मागे वळून बघितलं नाही. ट्रेमधल्या कपबशांचा आवाज झाला नाही. तिने ट्रे नीट टेबलाच्या कडेला ठेवला, राशीला धक्का न लावता, आणि "चहा गार व्हईल" म्हणून खाली निघून गेली. मी घाईघाईने सारवासारव करू लागलो, मालक, अगदी केसाएवढा आहे, गाडी काही पडणार नाही, चालेल हा डबा. ते माझ्याकडे तोंड करून हसले. त्या हसण्यात इतकं समाधान होतं की मला ते आजही सहन होत नाही.

"शाबास," ते म्हणाले. "दुसरा कोन आस्ता तर खोटा बोल्ला आस्ता."

मोर्व्याचा माणूस दिवाळीपर्यंत थांबला. मी एकदा त्याला गाठून सगळं सांगायचं ठरवलं होतं, बसस्टॉपपर्यंत गेलोही होतो. काय सांगणार होतो? मार्गशीर्षात त्याने विरारकडच्या एका बाईशी लग्न केलं. मुलीला आई हवी होती, त्याचं काही चुकलं नाही. मालक त्यानंतर दोन वर्षं जगले. नवा डबा मागवायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. आंधळेपणात ते माडीवर बसून राशीतलं मीठ ओंजळीत घ्यायचे आणि सोडायचे. वनिताताईने त्यांचं सगळं केलं, शेवटचं अंथरुणही. माझ्याशी ती पूर्वीसारखीच बोलायची. एक शब्द तिने वावगा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. आम्ही मीरा रोडला फ्लॅट घेतला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करायला आता लाज वाटून काय होणार.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. घर बिल्डरकडे चाललंय, म्हणाली. माडी रिकामी करायचीय. "तुम्हाला आठवण म्हणून काय हवं ते येऊन निवडा."

मी गेलो. केस पांढरे झालेत तिचे, चष्मा लागलाय. माडीवर चढताना खालूनच आवाज ऐकू येत होता, खडखड, खडखड, मग वळणावर किंचित मंद, मग पुन्हा खडखड. जन्मात त्या रुळांना हात न लावलेल्या वनिताताईने गाडी जोडली होती. काळं इंजिन, त्यामागे फिट दहा डबे, आणि त्यांच्यामागे आतापर्यंत सिक केलेले सगळे, लेबलांसकट, गंजलेले, रंग उडालेले, दुबईचे निळेसुद्धा. गाडी इतकी लांब झाली होती की तिचं तोंड शेपटीला टेकत होतं. पुठ्ठ्याची लेबलं डब्यांच्या बाजूला हलत होती.

आम्ही दोघं उभे राहून बघत राहिलो. माझा तो डबा मी लगेच ओळखला. वळण आलं, तो जरा डुलला, आणि गेला पुढे.

"सकाळपासून फिरतेय," ती म्हणाली. "आठ वाजल्यापासून. एक बी पडला नाय."



गाडी मिठाच्या राशीपाशी आली तेव्हा तिने बटण बंद केलं. वाकून तिने तोच डबा गाडीतून सोडवला, पदराने पुसला आणि माझ्या हातात ठेवला. "हाच न्या," म्हणाली. "तुम्हीच बघितलेला." तिच्या आवाजात राग नव्हता. मी शोधला, नव्हता.

डबा आता माझ्या टेबलावर आहे, पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी. लेबल मी सोडलेलं नाही. मालकांना तेव्हा दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी ते मला लिहायला लावलं होतं. पुठ्ठ्यावरचं 'सिक' माझ्या अक्षरात आहे, सुवाच्य, शाळेत फळ्यावर लिहितो तसं.